चामडी सीटला साजेशा मुठी: सायकलच्या हँडलसाठी ग्रिप कशी निवडायची

सायकलला चामड्याची सीट बसवली की पहिल्या आठवड्यातच लक्ष हँडलकडे जातं. मागे मधाच्या रंगाची, तांब्याच्या रिबिटांची देखणी सीट आणि पुढे कारखान्यातून आलेल्या काळ्या रबरी मुठी. डोळ्यांना खुपत राहतं. मग आपण मोबाइल उघडतो, 'तपकिरी ग्रिप' शोधतो आणि फोटोत जी जोडी सीटच्या सर्वांत जवळची दिसते ती मागवून मोकळे होतो.

मीही तेच केलं होतं. सीट 'हनी' रंगाची, आणि शोधून शोधून तंतोतंत त्याच रंगाच्या, हातानं शिवायच्या चामडी ग्रिप मिळवल्या. पहिल्या दिवशी दोन्ही वस्तू एकाच कातड्यातून कापल्यासारख्या वाटत होत्या. सहा महिन्यांत ग्रिप काकवीसारखी गडद झाली. सीट मात्र अजून मधावरच होती.

मी कोल्हापूरची, त्यामुळे हे मला आधीच कळायला हवं होतं. नवी कोल्हापुरी चप्पल फिकट असते. वर्षभर वापरली की अंगठा आणि टाच टेकते तिथे ती काळपट, चकचकीत होते आणि पट्टा मात्र बराचसा मूळ रंगावर राहतो. चामडं एकच, पण घाम कुठे लागला, घासलं कुठे गेलं, ऊन कुठे पडलं यावर रंग ठरतो. सायकलवरही हेच होतं. सीटवर कपडा घासतो, ग्रिपवर उघडा तळहात. म्हणून आजचा रंग आजच्या रंगाशी जुळवण्यात फारसा अर्थ नाही. दोन्ही वस्तू वर्षभरानं कशा दिसतील ते डोळ्यांपुढे आणून निवड करायची. आणि त्याही आधी ग्रिप हाताला पटली पाहिजे. क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

आधी सीट उलटी करून बघा

सगळ्या चामडी सीटा सारख्या नसतात. खालून बघा. वरच्या कातड्याची खरखरीत, लवदार उलटी बाजू उघडी दिसली, नाकापासून, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकापासून, मागच्या पत्र्यापर्यंत ते कातडं झोळीसारखं ताणलेलं असलं आणि नाकाखाली ताण वाढवायचा बोल्ट असला, तर ती खरी ताणाची सीट. आत फोम नसतो. जाड कातड्याचा एकच तुकडा तुमचं वजन पेलतो आणि हळूहळू तुमच्या बैठकीचा आकार घेतो.

ही घडण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या परिसरात रुजली. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी तिथे १८६६ मध्ये घोड्याच्या सरंजामाचं, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या-लगामांचं काम सुरू केलं आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. त्यांची 'बी-१७' ही सीट १८९० च्या दशकापासून आजतागायत बनते आहे. ही ब्रुक्स कंपनी आता इटलीच्या सेले रॉयलच्या मालकीची असली तरी चामडी सीटांचा कारखाना बर्मिंगहॅमलगतच्या स्मेदिकलाच आहे. फ्रान्सची जिल बर्टू, अमेरिकेची सेले ॲनाटॉमिका हेही याच पद्धतीनं सीटा बनवतात. आपल्याकडच्या जुन्या हर्क्युलिस, रॅले सायकलींवरच्या स्प्रिंगच्या चामडी सीटाही याच घराण्यातल्या. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. जुन्या सायकली जवळून न्याहाळायच्या असतील तर एक सकाळ काढून जा. सीट, मुठी, घंटी, दिवा यांचा मेळ कसा साधलेला असायचा हे फोटोंपेक्षा तिथे चांगलं कळतं.

सीटच्या खाली प्लास्टिकचं कवच आणि वर फोम असेल, तर वरचं आवरण पातळ चामड्याचं किंवा रेक्झिनचं असतं. त्याचा रंग वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. अशा सीटला रंग बघून कुठलीही ग्रिप घ्या, पुढचा अर्धा लेख तुम्हाला लागणार नाही. माप आणि हाताचा भाग मात्र वाचा.

आता चामडं का पिकतं, म्हणजे वापरून गडद का होतं, याबद्दल थोडं. ताणाच्या सीटेचं कातडं झाडांच्या सालींमधल्या टॅनिननं कमावलेलं असतं. कोल्हापुरीचं चामडंही असंच, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. (२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.) या पद्धतीचं चामडं ऊन, तेल, घाम पीत राहतं आणि गडद होत जातं. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं मऊ चामडं, जे पर्स आणि जॅकेटांना वापरतात, ते एवढं बदलत नाही. म्हणून ग्रिप घेताना विक्रेत्याला रंगाआधी एवढंच विचारा की चामडं कशानं कमावलंय. सीट सालीच्या चामड्याची आणि ग्रिप क्रोमची असेल तर दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं जातील.

माप घ्या, कागदाच्या पट्टीनं सुद्धा चालेल

सरळ किंवा मागे वळलेल्या हँडलचा, म्हणजे जिथे मूठ बसते त्या भागाचा, बाहेरचा व्यास बहुतेक सायकलींवर २२.२ मिलिमीटर असतो. ग्रिप याच मापाच्या बनतात. खाली वळलेल्या रेसिंगच्या हँडलचा व्यास २३.८ मिलिमीटर असतो. त्यावर ग्रिप चढत नाही, तिथे टेप गुंडाळायची.

व्हर्नियर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी हँडलभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे खूण करा आणि पट्टी मोजा. ७० मिलिमीटरच्या आसपास आली तर २२.२ चं हँडल, ७५ च्या आसपास आली तर २३.८ चं.

मग लांबी. ब्रेक लिव्हरच्या पकडीपासून हँडलच्या टोकापर्यंत किती जागा आहे ते मोजा. पूर्ण ग्रिप साधारण १३० मिलिमीटरची असते. मूठ फिरवून गिअर बदलायची सोय असेल तर त्या बाजूला फक्त ९० ते १०० मिलिमीटर उरतात आणि तिथे आखूड ग्रिप लागते. कधीकधी उजवी आखूड, डावी लांब अशी जोडी घ्यावी लागते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

दांड्याच्या ब्रेकची जुनी सायकल असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिथे ब्रेकचा दांडा मुठीच्या खालून समांतर जातो. मूठ जाड झाली की दांडा आणि मूठ यांतली जागा कमी होते, बोटं आत शिरायला त्रास होतो आणि ब्रेक पूर्ण ओढण्याआधीच दांडा मुठीला टेकतो. अशा सायकलला पातळ, शिवलेली ग्रिपच बरी.

हात काय म्हणतो ते ऐका

लांब फेरीनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं का? तळहाताच्या करंगळीकडच्या मांसल भागाखालून अल्नर नावाची नस जाते. बारीक, गोल, टणक मुठीवर अंगाचा भार पडला की ती तिथे दबते. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना मुंग्या येत असतील तर दुसरी नस, मनगटातून जाणारी मीडियन, दबते आहे. तेव्हा मनगट फार वाकतंय का ते बघायचं.

इथे चामडी सीटचा थेट संबंध येतो, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. नवी ताणाची सीट टणक आणि गुळगुळीत असते. नाक थोडं जरी खाली झुकलेलं असलं तरी अंग पुढे घसरतं आणि तो सगळा भार हातांवर येतो. माझ्या ओळखीत दोघांनी हात बधिर होतात म्हणून ग्रिपच्या तीन-तीन जोड्या बदलल्या. शेवटी सीटचं नाक किंचित वर केलं आणि त्रास गेला. म्हणून ग्रिपवर खर्च करण्याआधी सीट पातळीत आहे का ते तपासा. या सीटा सपाट किंवा नाक केसभर वर अशाच बसवतात. हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडं वर आणलं तरी हातांचा भार हलका होतो.

हे करूनही हात दुखत असतील तर तळहाताला आधार देणाऱ्या, मागे पंखासारख्या पसरट ग्रिपकडे वळा. जर्मनीच्या अर्गॉन कंपनीनं हा आकार लोकप्रिय केला, आणि त्यांच्याकडे कॉर्क मिसळलेल्या 'बायोकॉर्क' ग्रिपही आहेत. तपकिरी सीटशेजारी त्या काळ्या रबरापेक्षा कितीतरी बऱ्या दिसतात. हात बधिर होणाऱ्या माणसानं केवळ रूपासाठी बारीक चामडी ग्रिप लावू नये, असं मी ठामपणे सांगते. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. एवढा वेळ हँडलचा फोटो काढत बसायचं नसतं, ते धरायचं असतं.

जाडीसाठी सोपी कसोटी: ग्रिप मुठीत धरा. बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाजवळ यावीत, पण तळहातात रुतू नयेत. रुतली तर ग्रिप बारीक, टोकं लांब राहिली तर जाड. आई आणि मुलगा एकच सायकल वापरत असतील तर लहान हाताचं माप धरा.

कशाची ग्रिप?

हातानं शिवायची चामडी ग्रिप सर्वांत पातळ. चामड्याचा सपाट तुकडा, दोन्ही कडांना भोकं, सोबत सुई-दोरा. हँडल आहे तेवढंच बारीक राहतं, मऊपणा जवळजवळ नसतो. मागे वळलेल्या हँडलवर, जिथे माणूस ताठ बसतो आणि हातांवर भार कमी असतो, तिथे ही सुरेख दिसते आणि त्रास देत नाही. सरळ हँडलवर पुढे झुकून चालवायची सायकल असेल तर मी घेणार नाही.

चकत्यांची ग्रिप ही वेगळीच वस्तू आहे. चामड्याच्या गोल चकत्या एकीशेजारी एक रचतात, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या टोप्या आणि त्या टोप्यांना बांधून ठेवणाऱ्या बारीक तारा. हातात चकत्यांची कड येते, म्हणजे कातड्याचा पृष्ठभाग नव्हे तर त्याची जाडी. म्हणून ती घसरत नाही आणि झिजली तरी खालून पुन्हा चामडंच निघतं. लांबी कमी हवी असेल तर काही चकत्या काढून टाकता येतात. जाड असते, महागही असते. रोज सरळ हँडलची सायकल चालवणाऱ्या, मोठ्या हाताच्या माणसाला चामडंच हवं असेल तर माझी पसंती हिला.

कॉर्कबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण आपल्या हवेत ते मला चामड्याहून उजवं वाटतं. कॉर्क म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीच्या एका ओक वृक्षाची साल. झाड न तोडता ती साधारण दर नऊ वर्षांनी सोलतात, आणि जगातलं निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. हलकं, हाताला उबदार, घाम आला तरी पकड सुटत नाही, धक्के थोडे गिळतं. आणि रंग! कोरं कॉर्क फिकट, पिठूळ दिसतं. त्यावर लाखेचे दोन-तीन हात दिले की ते अंबरसारखं सोनेरी होतं आणि हनी रंगाच्या सीटशेजारी असं काही शोभतं की चामड्याची आठवण येत नाही. दोन वेगळ्या वस्तू, पण एका कुटुंबातल्या. तंतोतंत रंग जुळवण्यापेक्षा हा मेळ मला जास्त टिकाऊ वाटतो, कारण इथे फरक आधीच मान्य केलेला असतो; पुढे तो वाढला तरी चूक दिसत नाही. कॉर्क ठिसूळ असतं एवढं लक्षात ठेवा. सायकल भिंतीला टेकवून सरकवली, पडली, तर टोकाचा टवका उडतो.

लाख आपल्या घरची. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून ती मिळते. झारखंड त्यात पुढे, आणि आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला लाखेची शेती होते. लाकडी फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांकडे किंवा रंगाच्या दुकानात लाखेचे पातळ पापुद्रे मिळतात. ते काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवले की पॉलिश तयार. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, जवळ शेगडी नको. मऊ ब्रशनं पातळ हात द्यायचा, अर्धा-पाऊण तास सुकू द्यायचं, मग दुसरा. जाड थर दिला तर चिकट राहतो. खाली वळलेल्या हँडलवर सुती टेप गुंडाळून तिच्यावर लाख लावण्याची पद्धत लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत जुनी आहे. पांढऱ्या, पिवळ्या किंवा फिकट तपकिरी सुती टेपवर जितके हात द्याल तितका रंग गडद होतो, म्हणजे सीटकडे बघत बघत हवा तिथे थांबता येतं. अशी मुभा दुसऱ्या कुठल्याही साहित्यात नाही. फक्त एक काळजी: लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तशी हाताच्या सॅनिटायझरमध्येही. ओल्या सॅनिटायझरच्या हातानं मूठ धरली की ती चिकट होते.

तपकिरी रबर स्वस्त, टिकाऊ आणि पावसाला न घाबरणारं. जवळून बघितलं तर चामडं नाही हे कळतं, पण गडद तपकिरी सीटला ते पुरेसं साथ देतं. रोज ऑफिसला पावसापाण्यात जाणाऱ्यानं यात कमीपणा मानू नये.

कृत्रिम चामडं मात्र टाळा. फोटोत ते खऱ्यासारखंच दिसतं. दमट हवेत त्याचा वरचा थर काही काळानं सुटायला लागतो, पापुद्रे हाताला चिकटतात आणि खाली कापड उघडं पडतं. किंमत फार कमी आणि वर्णनात 'लेदर लुक', 'पीयू' असे शब्द दिसले तर ते हेच.

चामडं वापरायचंच नसेल, तर सीटच रबर आणि सुती कापडाची घेता येते. ब्रुक्सची 'कँबियम' मालिका तशी आहे. तिच्यासोबत कॉर्क किंवा सुती टेप छान जाते.

आता रंग, पण दिवसाउजेडी

सीट नवी असेल तर घाई करू नका. जुन्याच मुठींवर एक उन्हाळा काढा. तेवढ्यात सीट पुष्कळशी तिच्या खऱ्या रंगावर येते आणि तुमच्या बैठकीलाही सरावते. ती कुठे थांबते आहे ते बघून मग ग्रिप निवडा.

थांबवत नसेल तर हा माझा हिशेब. सीट हनी असेल तर ग्रिप कॉर्कची घ्या, किंवा चामड्याचीच हवी असेल तर हनीच घ्या, पण ती सीटच्या पुढे जाऊन गडद होणार हे धरून चाला. एक छटा फिकट मिळाली तर उत्तम. मध्यम तपकिरी सीट सर्वांत सोपी, तिला तपकिरी चामडं, लाख लावलेलं कॉर्क, गडद रबर, सगळं चालतं. जी सीट कारखान्यातूनच जुनाट, गडद तपकिरी करून येते, किंवा आजोबांच्या सायकलवरची जी आता जवळजवळ काळी पडली आहे, तिच्यापुढे फिकट पिवळसर ग्रिप लावू नका. नजर सारखी हँडलवरच जाते आणि सीट मळकी वाटू लागते. तिथे गडद तपकिरी किंवा सरळ काळी. काळ्या सीटला काळ्या चामड्याची मूठ आणि दोरा मात्र वेगळ्या रंगाचा, हे मला फार आवडतं.

रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, ग्रिप घेऊन दारात या. ऑनलाइन घेत असाल तर वापरणाऱ्यांनी काढलेले फोटो बघा, त्यांत झिजलेली ग्रिप दिसली तर सोन्याहून पिवळं. वस्तू हातात आली की पांढरं सुती फडकं ओलं करून एका कोपऱ्यावर घासा. रंग उतरला तर तो तळहातावर आणि शर्टाच्या बाहीवरही उतरणार. अशी जोडी परत करा.

रंगाइतकंच धातूचं बघा. हे नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटतं. सीटची रिबिटं तांब्याची आहेत की पोलादी, खालच्या सळ्या काळ्या की चकचकीत, हे बघून ग्रिपच्या टोप्या आणि बोल्टनं आवळायची कडी निवडा. तांब्याच्या रिबिटांसमोर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या खुपतात. पितळी किंवा तांब्याची टोपी लावली की त्याच ग्रिप एकदम वेगळ्या दिसतात. चामड्याची छटा उन्नीस-बीस असली तरी धातू जुळला तर मेळ बसल्यासारखं वाटतं.

बसवताना

जुनी रबरी मूठ ओढून निघत नाही. तिच्या कडेखाली जुनी स्पोकची तार हलकेच सरकवा, आत साबणाचं पाणी किंवा थोडं स्पिरिट सोडा, पिळत पिळत काढा. तेल अजिबात नको. ते हँडलवर राहिलं तर नवी मूठ फिरत राहील. काढल्यावर हँडल स्पिरिटनं पुसून कोरडं करा.

बोल्टनं आवळायची ग्रिप सोपी: सरकवायची, लिव्हरशी भिडवायची, ॲलन कीनं आवळायची. बोल्ट बारीक असतो, कडीवर छापलेला आकडा साधारण ३ ते ५ न्यूटन-मीटरचा असतो. म्हणजे पान्याचं छोटं टोक हातात धरून दोन बोटांनी जेवढा जोर लागतो तेवढाच. हँडल कार्बनचं असेल तर ते आवळून बसवायच्या ग्रिप सोसतं का, हे आधी बघा.

कॉर्क आधी कोरडंच चढवून बघा. फार घट्ट जात असेल तर जोर लावू नका, ते उभं चिरतं. गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून आतून थोडं घासा. सैल असेल तर हँडलवर कागदी टेपचे एक-दोन वेढे द्या. मग चप्पल-बूट दुरुस्त करणारे वापरतात ते सोल्युशन लावून एका दमात सरकवा, कारण मध्येच थांबलं तर तिथेच चिकटतं. रात्रभर हात लावू नका.

शिवायच्या ग्रिपसाठी निवांत दुपार ठेवा. चामडं ओल्या फडक्यात दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, नुसतं दमट व्हायला हवं, भिजायला नको. हँडलवर दुहेरी चिकटपट्टीची एक ओळ, तिच्यावर चामडं, आणि शिवण खालच्या बाजूला, थोडी पुढे, म्हणजे तळहाताखाली येणार नाही. दोरा ओढण्याआधी दोन कडांमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट असावी. ओढल्यावर ती मिटते. आधीच कडा भिडत असतील तर चामडं कधीच घट्ट बसणार नाही. दोरा मेण लावलेला, प्रत्येक टाका तिथल्या तिथे ओढत जायचा. सरावाचा हात नसेल तर चपला शिवणाऱ्या कारागिराकडे सायकल घेऊन जा. त्याच्या आरीनं आणि दोऱ्यानं घातलेले टाके किटमधल्यापेक्षा मजबूत असतात, आणि दोऱ्याचा रंगही तुमच्या पसंतीचा घेता येतो. मग एक दिवस सावलीत वाळू द्या.

शेवटी दोन्ही टोकं बंद आहेत ना ते बघा. उघड्या नळीचं टोक पडताना पोटात किंवा मांडीत घुसू शकतं. आणि दोन्ही मुठी जोर लावून पिळून बघा. घरासमोर जराशी फिरणारी मूठ गगनबावडा घाटाच्या ओल्या उतारावर हातातून सुटते.

पाऊस, घाम आणि तेलाची सवय

आपल्याकडे चामडं म्हटलं की तेल. कोल्हापुरीला तेल पाजून मऊ करतात, ते बरोबरच. पण सीटला तेल पाजू नका. ती ताणावर उभी असते; तेलानं कातडं ढिलं पडलं की मध्ये झोळ पडतो आणि तो कायमचा. तिला मेणाचा लेप पुरतो, वर्षातून दोन-तीनदा, पातळ. ब्रुक्सच्या 'प्रूफाइड' लेपात जनावराची चरबी, कॉड माशाचं तेल आणि मेण असतं. घरात ते नको असेल तर मधमाश्यांच्या मेणाचं चामड्याचं पॉलिश घ्या. तोच लेप शिवलेल्या ग्रिपला लावा, पण त्याहूनही कमी, आणि एक रात्र ठेवून कोरड्या फडक्यानं चोळून काढा. नाहीतर मूठ बुळबुळीत होते. ग्रिपला आपल्या हाताचं तेल रोज मिळतच असतं. चकत्यांच्या कडांना तर सहसा काहीच लागत नाही.

पावसाळ्यात सीटवर प्लास्टिकची टोपी आणि मागच्या चाकाला पूर्ण मडगार्ड हवंच, कारण सीट वरून कमी आणि खालून उडणाऱ्या पाण्यानं जास्त भिजते. घरी आल्यावर मात्र टोपी काढा. ओलं चामडं प्लास्टिकखाली राहिलं की दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते, कोकणात तर एका रात्रीत. बुरशी आली तर कोरड्या ब्रशनं झाडा, दमट फडक्यानं पुसा, पंख्याखाली वाळवा, मग लेप द्या. कडक उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलं तर कातडं आक्रसतं. भिजलेली सीट वाळेपर्यंत तिच्यावर बसू नका आणि ताणाचा बोल्टही तेव्हा आवळू नका.

मुठींचं पावसात झाकणं जमत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर रोज सायकल काढणार असाल, तर बोल्टच्या रबरी ग्रिपची एक साधी जोडी ठेवा आणि गणपती झाले की पुन्हा चकत्या चढवा. चिकटवलेलं कॉर्क किंवा शिवलेली ग्रिप अशी काढता-घालता येत नाही, हे घेण्याआधीच लक्षात घ्या. शिवलेल्या ग्रिपचा दोरा चामड्याच्या आधी जातो, बहुतेकदा अंगठ्याखालच्या टाक्यांपासून. एखादा टाका उसवलेला दिसला की त्याच आठवड्यात शिवून घ्या. जुन्याच भोकांतून नवा दोरा जातो आणि पिकलेलं चामडं तसंच वापरता येतं.